फवारणी ड्रोनची लिथियम बॅटरी : चार्जिंग आणि सेलचे संतुलन

ड्रोनची पाती आणि नोझल यांच्याप्रमाणे बॅटरीही झिजणारी वस्तू आहे, मात्र तिची झीज डोळ्यांना दिसत नाही. चार्जरवर हिरवा दिवा लागतो, पडद्यावर ५०.४ व्होल्ट दिसतात आणि तरीही टाकीत चार लिटर द्रावण शिल्लक असताना ड्रोन बॅटरी संपल्याचा इशारा देऊन माघारी फिरतो. कधी तेवढी सवड न देता उभ्या सोयाबीनमध्येच उतरतो. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ असे समजून नवी घेण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात बारा सेलपैकी एकच सेल मागे पडलेला असू शकतो. तो केवळ अर्धवट चार्जिंगमुळे मागे पडला असेल, तर बॅटरी वाचते. आतून खराब झाला असेल, तर मात्र ती बॅटरी पुन्हा उडवणे धोक्याचे असते. हा फरक कसा ओळखावा आणि चार्जिंग करताना काय पाहावे, याची माहिती येथे दिली आहे.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून महिला बचत गटांना ड्रोन संचासाठी ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अर्थसाहाय्य दिले जाते. दिवसभर उड्डाण चालू राहावे म्हणून या संचासोबत चार जादा बॅटरी संच असतात. भाडेतत्त्वावर फवारणी करणारे गट आणि औजार बँकाही असेच चार-पाच संच पाळीपाळीने वापरतात. हंगामात एक संच हवेत, एक चार्जरवर आणि बाकीचे थंड होत पडलेले, अशी धावपळ असते. सेलचे असंतुलन वाढते ते याच दिवसांत.

बॅटरीची रचना

फवारणी ड्रोनमध्ये बहुधा लिथियम पॉलिमर प्रकारची बॅटरी असते. तिच्या एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. असे १२ किंवा १४ सेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडून मोठी बॅटरी तयार होते. बॅटरीवर ‘१२ एस’ लिहिलेले असेल तर बारा सेल आणि पूर्ण चार्ज ५०.४ व्होल्ट. ‘१४ एस’ असेल तर चौदा सेल आणि ५८.८ व्होल्ट. बऱ्याच १० लिटरच्या ड्रोनमध्ये ‘६ एस’च्या दोन बॅटऱ्या जोडून १२ सेल केलेले असतात.

बॅटरीतून दोन जाड वायरी निघतात. त्यांतून मोटारींना करंट जातो. त्याशिवाय बारीक वायरींचा एक चपटा प्लग असतो, त्याला बॅलन्स लीड म्हणतात. सेलच्या संख्येपेक्षा त्यात एक वायर जास्त असते. सहा सेलला सात, बारा सेलला तेरा. प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्रपणे मोजण्याचा हाच मार्ग आहे. ‘स्मार्ट’ बॅटरीत हे काम आत बसवलेली बीएमएस यंत्रणा करते. तिथे वेगळा प्लग दिसत नाही, पण सेलनिहाय आकडे रिमोटच्या पडद्यावर किंवा ॲपमध्ये पाहता येतात.

एकूण व्होल्टेज का फसवते

सिरीजमध्ये जोडलेल्या सर्व सेलमधून एकच करंट वाहतो. बारा माठांत एकाच वेळी सारखी धार सोडली, पण एका माठात आधीचे थोडे पाणी शिल्लक होते, तर तो माठ आधी भरून वाहू लागेल. सेलचेही तसेच होते. फरक असा, की माठातले पाणी जमिनीवर सांडते, भरलेल्या सेलमध्ये मात्र करंट घुसवत राहिले तर सेल गरम होतो, फुगतो आणि शेवटी पेट घेऊ शकतो.

आकड्यांत पाहू. ११ सेल ४.१९ व्होल्टवर आणि एक ४.३१ व्होल्टवर असेल, तर बेरीज बरोबर ५०.४० येते. मुख्य वायरींवर मीटर लावणाऱ्याला बॅटरी उत्तम भरलेली वाटेल, पण एक सेल सुरक्षित मर्यादा ओलांडून गेलेला असतो. उतरतानाही हेच. ११ सेल ३.५५ वर आणि एक २.९५ वर असेल तर एकूण ४२.० व्होल्ट दिसतात. सरासरी ३.५ म्हणून पायलट निश्चिंत, आणि तो एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेल्याने कायमचा बाधित. म्हणून मुख्य वायरींवरील आकडा हा फक्त अंदाज समजावा. निर्णय घ्यायचा तो सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलकडे पाहून.

चार्जर संतुलन कसे करतो

चार्जिंगचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात चार्जर ठरावीक करंट देत राहतो आणि दाब हळूहळू वाढतो. दुसऱ्या टप्प्यात दाब ४.२ व्होल्ट प्रति सेल एवढा स्थिर ठेवला जातो आणि करंट आपोआप घटत जातो. संतुलनाचे बरेचसे काम या दुसऱ्या, शेवटच्या टप्प्यात होते. ज्या सेलचा दाब पुढे गेला आहे, त्याच्याभोवती चार्जर एक लहान रोधक जोडतो. त्या सेलमधील जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, तोवर मागचे सेल भरत राहतात. चार्जरचा पंखा शेवटी जोरात फिरतो तो बऱ्याचदा यामुळेच.

थोडक्यात, चार्जर मागच्या सेलला वेगळे जास्त देत नाही, पुढच्यांना थोपवून धरतो. पुढच्याकडची ऊर्जा काढून मागच्याला देणारी यंत्रणाही असते, तिला ॲक्टिव्ह बॅलन्सर म्हणतात. ती स्थिर ठेवलेल्या मोठ्या बॅटऱ्यांमध्ये जास्त आढळते.

थोपवण्याचा हा करंट लहान असतो, आणि खरी अडचण इथेच आहे. समजा १६,००० एमएएच क्षमतेच्या बारा सेलच्या बॅटरीत एक सेल २ टक्क्यांनी मागे आहे. म्हणजे ३२० एमएएचची तूट. चार्जरचा संतुलन करंट २०० मिलिअँपिअर असेल तर उरलेल्या अकरा सेलमधून तेवढी ऊर्जा एकाच वेळी काढायलाही १ तास ३६ मिनिटे लागतील. फवारणीच्या धांदलीत बॅटरी चार्जरवर असते पंधरा-वीस मिनिटे. तेवढ्यात ‘९८ टक्के’ दिसले की ती काढून ड्रोनला लावली जाते. एका दिवसात याने फारसे बिघडत नाही. पण सलग आठवडाभर हेच चालले तर फरक साचत जातो आणि मागचा सेल रोज थोडा अधिक खोल रिकामा होतो.

म्हणून हंगामात दर आठ-दहा चार्जिंगनंतर एकदा प्रत्येक संच ‘बॅलन्स चार्ज’ पद्धतीवर, कमी करंटने, चार्जर स्वतःहून थांबेपर्यंत चार्ज करावा. १६,००० एमएएचच्या बॅटरीला या वेळी ८ अँपिअर करंट पुरे. पावसामुळे फवारणी थांबलेला दिवस यासाठी सोयीचा. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळा कालावधी दिला असेल तर तोच पाळावा. स्मार्ट बॅटरीलाही अशी सावकाश पूर्ण चार्जिंग अधूनमधून हवी असते, कारण बीएमएस असली तरी तिला वेळ मिळाल्याशिवाय संतुलन होत नाही.

चार्जरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडताना चूक होऊ देऊ नये. साध्या लिथियम पॉलिमर सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट, तर ‘एचव्ही’ प्रकाराची ४.३५ व्होल्ट असते. साधी बॅटरी एचव्हीच्या सेटिंगवर लावली तर संतुलन अगदी नेमके होईल, पण सर्वच सेल मर्यादेपलीकडे भरलेले असतील. बॅलन्स लीड न जोडता फक्त जाड वायरींवर चार्ज करणे हाही प्रकार आढळतो. तो पूर्ण बंद करावा.

मागे पडलेला सेल की खराब झालेला सेल

सेलनिहाय दाब तीन वेळा लिहून घ्यावा. पहिली नोंद पूर्ण चार्जनंतर तासभर विसावा दिल्यावर, दुसरी उड्डाण संपल्यावर बॅटरी थोडी निवल्यावर आणि तिसरी दोन-तीन दिवस न वापरता ठेवल्यावर. एकाच वेळच्या नोंदीवरून निदान होत नाही.

एखादा सेल पूर्ण चार्जलाही इतरांपेक्षा खाली आणि उड्डाणानंतरही खाली दिसत असेल, तर तो फक्त मागे पडलेला आहे. त्याची क्षमता शाबूत आहे, भरणे अपुरे राहिले आहे. दोन-तीन सावकाश बॅलन्स चार्जमध्ये हा फरक मिटायला हवा.

दुसरी खूण नेमकी उलटी असते आणि तिथेच गल्लत होते. चार्जिंगमध्ये जो सेल सर्वांत आधी ४.२० गाठतो, तोच उड्डाणानंतर सर्वांत खाली असतो. असे दिसले तर त्याची क्षमता कमी झाली आहे. लहान माठ लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो. हे संतुलनाने सुधारत नाही. चार्जिंगमध्ये तो पुढे दिसल्याने ‘हा सेल दमदार आहे’ असा समज होतो, पण दुखणे त्याचेच असते. अशी बॅटरी काही दिवस हलक्या कामाला, कमी द्रावण भरून, लवकर उतरवून वापरता येते, परंतु पूर्ण टाकीच्या उड्डाणासाठी तिच्यावर विसंबू नये.

काही वेळा विसाव्यात सर्व सेल सारखे दिसतात, पण भरलेली टाकी घेऊन ड्रोन उचलताच एका सेलचा दाब एकदम कोसळतो. उतरल्यावर तो पुन्हा वर येतो. हे अंतर्गत रोध वाढल्याचे लक्षण आहे. चांगले चार्जर प्रत्येक सेलचा रोध मिलिओहममध्ये दाखवतात. एका सेलचा आकडा बाकीच्यांच्या दीडपट-दुपटीकडे गेला असेल आणि ताज्या मोजणीतही तसाच येत असेल, तर ती बॅटरी ड्रोनमधून बाद करण्याची वेळ आली आहे. रोध तापमानानुसार बदलतो, म्हणून मोजणी दरवेळी साधारण सारख्या तापमानाला करावी.

सर्वांत धोकादायक लक्षण तिसऱ्या नोंदीत सापडते. संतुलन अगदी नीट झाले होते, तरी नुसते ठेवून दोन-तीन दिवसांत एकच सेल खाली घसरला. याचा अर्थ तो सेल आतल्या आत गळतो आहे. पुन्हा पुन्हा बॅलन्स चार्ज करून ही बॅटरी ‘चालवून घेणे’ म्हणजे आगीला निमंत्रण. ती वापरातून लगेच काढावी. स्मार्ट बॅटरी काही दिवस न वापरल्यास स्वतःहून साठवणीच्या पातळीवर येते, त्या वेळी सर्व सेल एकत्र उतरतात. ते दोष समजू नये. एकटा सेल घसरणे हा दोष.

बॅटरी बाद करण्याआधी प्लग मात्र पाहावा. शेजारशेजारच्या दोन सेलपैकी एक नेहमीपेक्षा वर आणि दुसरा जवळपास तेवढाच खाली दिसत असेल, उदाहरणार्थ चौथा ४.२८ आणि पाचवा ४.१२, तर सेलपेक्षा त्या दोघांमधील सामाईक वायरीचा सैल किंवा गंजलेला संपर्क हे कारण असण्याची शक्यता जास्त. कीडनाशकाचे तुषार आणि पावसाळी ओल यांमुळे पिनांवर हिरवट-पांढरा थर येतो. प्लग कोरड्या ब्रशने साफ करून, नीट बसवून पुन्हा मोजावे. संपर्क खराब असताना चार्ज करत राहिल्यास चार्जर चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून चांगला सेल रिकामा करतो आणि असंतुलन नव्याने तयार होते.

फरक किती चालतो? विसाव्यानंतर सर्वांत वरच्या आणि खालच्या सेलमध्ये ०.०३ व्होल्टपर्यंत फरक असल्यास काळजीचे कारण नाही. ०.०५ च्या पुढे गेल्यास सावकाश बॅलन्स चार्ज द्यावा. ०.१० व्होल्टपेक्षा जास्त फरक असलेली बॅटरी कारण सापडेपर्यंत उडवू नये. हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. उत्पादकाने मर्यादा सांगितली असेल तर ती प्रमाण मानावी. बॅटरी जवळपास रिकामी असताना थोडा फरक वाढलेला दिसणारच, त्यावरून घाबरून जाऊ नये.

दोन बॅटऱ्यांची जोडी

‘६ एस’च्या दोन बॅटऱ्या जोडून वापरताना त्या बारा सेलची एकच बॅटरी समजाव्यात. बैलजोडीत थकलेल्या बैलाच्या चालीनेच औत चालते, तसेच नव्या-जुन्या बॅटरीची जोडी लावली तर उड्डाणाचा वेळ जुनीच ठरवते, आणि उतरेपर्यंत तीच जास्त खोल रिकामी होते. त्यामुळे एकाच वेळी घेतलेल्या, सारख्या क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांना ‘१ अ’ आणि ‘१ ब’ असे रंगाने लिहून ठेवावे आणि जोडी कधीही फोडू नये. चार्जिंगलाही दोघी बरोबरच लावाव्यात. एक पूर्ण भरलेली आणि एक अर्धी अशी जोडी ड्रोनला लागली तर चार्जरने केलेले सगळे संतुलन वाया जाते. एका जोडीदाराने दम सोडला, तर उरलेल्या चांगल्या बॅटरीला नवीन जोडीदार देण्यापेक्षा तशाच वापरलेल्या दुसऱ्या बॅटरीशी तिची जोडी लावणे बरे.

शेतावरील चार्जिंग

उतरवलेली बॅटरी हाताला चांगली गरम लागते. ती तशीच चार्जरवर लावू नये. ४० अंश सेल्सिअसच्या खाली येईपर्यंत सावलीत, हवेशीर जागी ठेवावी. मधले सेल कडेच्या सेलपेक्षा उशिरा थंड होतात. गरम आणि थंड सेल एकत्र चार्ज झाले की ते वेगवेगळ्या वेगाने जुने होतात, आणि पुढे असंतुलन कायमचे होते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळी पिकांवर फवारणी करताना वाहनाच्या बंद डिकीत बॅटरी ठेवणे टाळावे. ओले गोणपाट बॅटरीवर टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, तीही चुकीची आहे. बॅटरीला पाणी लागू न देता पंख्याचा वारा द्यावा.

जनरेटर अपुरा पडला तर चार्जर मधेच बंद पडतो आणि शेवटचा, संतुलनाचा टप्पा हुकतो. हिशेब सोपा आहे. १६,००० एमएएच, १२ एस बॅटरी १६ अँपिअरने चार्ज करायची तर शेवटी सुमारे ८०० वॅट लागतात. दोन एकदम लावल्या तर १,६०० वॅट. चार्जरमध्ये जाणारी तूट आणि थोडी राखीव क्षमता धरून २.५ ते ३ केव्हीएचा जनरेटर लागतो. करंट दुप्पट केला तर गरजही दुप्पट होते. हल्ली जलद चार्जरचे आकर्षण फार आहे. आमच्या मते जेवढ्या पैशांत सर्वांत जलद चार्जर येतो, तेवढ्यात मध्यम चार्जर आणि आणखी एक बॅटरी संच घेणे गटाला जास्त काळ उपयोगी पडते.

उड्डाण किती वेळ करायचे यावरही संतुलन अवलंबून असते. भारासह सर्वांत खालचा सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आला की ड्रोन उतरवावा. ‘एवढा एक तास राहिलाय, उरकून टाकू’ या मोहात कमकुवत सेल आणखी कमकुवत होतो.

हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. चार्जरमधील ‘स्टोरेज’ पर्याय वापरून प्रति सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणावी. १२ एससाठी ही पातळी ४५.६ ते ४६.२ व्होल्ट येते. महिन्यातून एकदा सेलनिहाय दाब पाहावा.

सौर यंत्रणेतील लिथियम बॅटरी

गोठा, रोपवाटिका किंवा लहान शीतगृहासाठी सौर पॅनेलसोबत बसवलेल्या बॅटऱ्या बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या असतात. यांचे गणित वेगळे आहे. सेलचा सरासरी दाब ३.२ व्होल्ट आणि वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट. १६ सेलची बॅटरी ५१.२ व्होल्टची म्हणून विकली जाते.

या सेलचा दाब मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. एक सेल ४० टक्के आणि दुसरा ६० टक्के भरलेला असला तरी आकड्यांत फारसा फरक दिसत नाही. फरक उघड होतो तो ३.४ व्होल्टच्या वर, म्हणून संतुलनही त्याच्या वरच करायचे असते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बॅटरी तिथपर्यंत पोचतच नाही. मग ऊन पडल्यावर एक सेल एकदम ३.६५ गाठतो, बीएमएस चार्जिंग तोडते आणि बाकीचे पंधरा सेल अर्धपोटी राहतात. रात्री वीज लवकर जाते, आणि दोष पॅनेलला दिला जातो.

अशा वेळी चार्जिंगची मर्यादा तंत्रज्ञाकडून काही दिवसांसाठी प्रति सेल ३.४५ ते ३.५ व्होल्टवर, म्हणजे १६ सेलसाठी ५५.२ ते ५६ व्होल्टवर आणून बॅटरी तिथे काही तास रोखून ठेवावी. गरज पडल्यास विजेच्या चार्जिंगची मदत घ्यावी. बीएमएसचा संतुलन करंट १०० मिलिअँपिअर असेल आणि १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत एक सेल ३ अँपिअर-तास पुढे असेल, तर त्याला ३० तास लागतात. ते एका दुपारी होणारे काम नाही.

सुरक्षितता आणि नोंदी

फुगलेली, आदळलेली, टोचली गेलेली किंवा गोडसर वास येणारी बॅटरी संतुलनासाठी चार्जरवर लावूच नये. बॅलन्स चार्ज वेळखाऊ असला तरी तो रात्री लावून झोपू नये. दिवसा, कोणीतरी जवळ असताना, राहत्या घराबाहेर, फरशीवर किंवा पत्र्यावर करावा. पेट्रोलचा कॅन, कीडनाशके आणि चारा जवळ नको. वाळूची बादली आणि भरपूर पाण्याची सोय हाताशी असावी. बॅटरीतून धूर येऊ लागल्यास जनरेटर बंद करून लोकांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, दूर न्यावे. तो धूर विषारी असतो. विझल्यासारखी वाटणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते, त्यामुळे लांबून पाणी मारून ती थंड करत राहावी. मल्टिमीटरने बॅलन्स लीड तपासताना दोन पिना एकाच टोकाने जोडल्या जाणार नाहीत याची दक्षता घ्यावी. शक्यतो त्यासाठी मिळणारा छोटा सेल चेकर वापरावा.

प्रत्येक जोडीसाठी वहीचे एक पान ठेवावे. तारीख, चार्जची संख्या, सर्वांत वरचा सेल, सर्वांत खालचा सेल आणि त्यांचे क्रमांक एवढे लिहिले तरी पुरते. सेलचा क्रमांक लिहिणे महत्त्वाचे आहे. आज तिसरा, उद्या आठवा असा खालचा सेल बदलत असेल तर तो नेहमीचा चढउतार असतो. दरवेळी सातवाच खाली सापडत असेल तर वर दिलेल्या तीन नोंदी घेऊन त्याची तपासणी करावी. वॉरंटीचा दावा करतानाही ‘लवकर उतरते’ या तक्रारीपेक्षा असे पान विक्रेत्यासमोर ठेवणे अधिक उपयोगी ठरते.

बाद झालेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये आणि उकिरड्यावरही टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे किंवा सेवा केंद्राकडे परत करावी.